अळणी पान

साडेआठला वीज गेली आणि पोलादपूरच्या बाजारपेठेमागची ती गल्ली एकदम गप्प झाली. येसाजीतात्यांनी देवळीतली पणती लावली आणि ते ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसले. घराच्या पुढच्या भागात त्यांचं सायकलचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी पंक्चरं काढली, वाकड्या चाकांचे आऊट काढले. आता गुडघे दुखतात म्हणून संध्याकाळी लवकर फळ्या लावतात. नात नूतन पायरीवर बसली होती. शेजारचा साहिल आपली नवी गिअरची सायकल थेट ओट्यापर्यंत घेऊन आला होता.

"तात्या, ब्रेक तेवढे आवळून द्या ना. रविवारी आंबेनळी घाट चढणार हाय."

"कोण कोण?"

"मी एकटाच."

"एकटाच कशाला रे?"

"मग कोणाला नेऊ? नूतनला? ती दवाखान्याच्या चढावर उतरून सायकल ढकलते."

"आणि तू सपाटीवर पण ढकलतोस," नूतन म्हणाली. "परवा चेन पडली तेव्हा अख्ख्या शाळेनं बघितलंय."

तात्या हसले. पणतीभोवती एक किडा फिरत होता, त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं.

"ब्रेक करून देतो. पण आधी एक ऐक, आणि मग घाट चढ. माझ्या ओळखीच्या पोराच्या बाबतीत घडलेली गोष्ट हाय. अर्धी त्याच्याच तोंडून ऐकलेली, अर्धी ज्या घरात घडली त्या घरच्या मुलाकडून. शेवटचं मी स्वतः बघितलं. एका बाईला आपला मेलेला नवरा मोकळा करायचा होता. आणि ते येऊन अडकलं या परक्या पोरापाशी. एवढीच गोष्ट."

साहिलनं सायकल स्टँडवर लावली आणि तो नूतनच्या शेजारी बसला. तात्यांनी सांगितलं ते असं.

तो बुधवार होता. दहा जानेवारी, दोन हजार चोवीस. दुसऱ्या दिवशी अमावास्या. दुपारचे साडेचार वाजून गेले होते. एक मुलगा सायकल हातानं धरून चालत दुकानाशी आला. मागच्या चाकाची एक तार तुटली होती आणि चाक ब्रेकला घासत होतं. पंचविशीचा असेल. अंगावर महामार्गाची धूळ बसलेली, ओठ फुटलेले. नाव स्वराज. पहाटे चार वाजता पनवेलहून निघाला होता.

पनवेल ते पोलादपूर म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. तेवढ्या वाटेत त्याच्याशी माणसं बोलली ती मोजकीच. कोलाडला मिसळ खायला थांबला तेव्हा हॉटेलवाल्यानं विचारलं, "एकच?" माणगावला चहावाल्यानं विचारलं, "एकच?" महाडला दुपारी जेवायला बसला, तर वेटरनं सवयीनं टेबलावर पाण्याचे दोन ग्लास ठेवले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि एक ग्लास परत नेला. तो ग्लास नेताना स्वराज बघत राहिला होता.

एका कुरिअर कंपनीच्या गोदामात तो कामाला होता. वडील त्याला आठवतच नव्हते आणि आई जाऊन दोन वर्षं झाली होती. खोलीवर रात्री डबा यायचा. तो जेवताना मोबाईलवर काहीतरी लावून ठेवायचा, म्हणजे कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. चार दिवस सुट्टी मिळाली की सायकल काढून लांब जायचा. आज किती अंतर कापलं, किती चढ चढला, ते रोज मोबाईलवर टाकायचा. खाली कोणी काही लिहीत नसे.

तात्यांनी नवी तार घातली, चाक फिरवून बघितलं.

"आता कुठं मुक्काम?"

"महाबळेश्वर. खोली सांगून ठेवलीय."

"आता? अरे, चाळीस किलोमीटर हाय, सगळा चढ. सव्वासहाला दिवस बुडतो. इथं ऱ्हा, सकाळी जा."

"नाही, जातो. लाइट आहे सायकलला."

"कोणी वाट बघतंय का वर?"

स्वराज हसला. "नाही. तसं कोणी नाही."

"मग घाई कोणासाठी?"

तो वाकून बाटलीचं झाकण घट्ट करत राहिला. तात्या म्हणाले, निदान काहीतरी खायला बांधून घे, घाटात काही मिळायचं नाय. त्यानं मान डोलावली, पण घेतलं काहीच नाही. पाच वाजता तो निघाला.

आंबेनळी घाटाच्या पहिल्या काही वळणांपर्यंत उजेड होता. खाली सावित्रीचं पात्र बारीक होत गेलं, कापलेल्या भाताची खाचरं पिवळी दिसत होती. मग डोंगराची सावली रस्त्यावर आली आणि हवा गार झाली. जवळची बिस्किटं संपली होती. दुपारचं जेवण केव्हाच जिरलं होतं. पोटातला जाळ विझला की पाय आपले राहत नाहीत. स्वराजचे पाय तसे झाले. पायडल फिरत होतं, पण फिरवणारा दुसराच कोणी असल्यासारखं. तो उतरला आणि सायकल ढकलू लागला. मोबाईलला रेंज नव्हती. गाड्या एकदोन गेल्या, थांबलं कोणी नाही.

सात वाजून वीस मिनिटांनी एका वळणावर त्याला दिवा दिसला.

रस्त्याच्या कडेला एक सपाट कातळ होता. कातळावर पणती, पणतीपुढे केळीच्या पानावर वाढलेलं जेवण, आणि पलीकडे उकिडवा बसलेला एक म्हातारा. तपकिरी स्वेटर, कानाला मफलर. पाय अनवाणी. खाली उतारावर एका वाडीतले चारपाच दिवे दिसत होते.

"ये," म्हातारा म्हणाला. "जेवायची वेळ झाली."

स्वराजनं मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"मी?"

"मग काय सायकलला बोलावतोय?"

"नको आजोबा. तुमचं जेवण आहे."

"एकट्याला घास उतरत नाय रे. उभा जन्म पाहुणा घेऊन जेवायला बसलो. रस्त्यावरून कोण ना कोण धरून आणायचो. बस. एका पानात खाऊ."

एका पानात. तसं त्याला शेवटचं आईनं जेवू घातलं होतं, लहानपणी. स्वराजनं सायकल दरडीला टेकवली, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि तो बसला. भात, वालाची उसळ, तांदळाची भाकरी, कडेला थोडी खीर. सगळं गार. पण त्यानं पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, इतकी भूक होती. चारपाच घास पोटात गेल्यावर मग त्याच्या जिभेला कळलं.

"अळणी हाय ना?" म्हातारा म्हणाला.

"आहे खरं." स्वराज हसला. "बीपी आहे का तुम्हाला?"

"काय ठाऊक. नऊ दिवस असंच वाढतायत. तक्रार करायची सोय नाय."

"घरी सांगायचं ना."

"सांगतो. ऐकू जात नाय कोणाला." म्हाताऱ्यानं पानाकडे बघितलं. "तुझ्याकडं हाय का रे मीठ? चिमूटभर?"

होतं. पायांत गोळे येऊ नयेत म्हणून पाण्यात टाकायला तो एक पुडी जवळ ठेवायचा. पण हात पिशवीकडे जाता जाता थांबला. शेवटच्या दोन महिन्यांत आईचंही मीठ बंद होतं. रात्री ती हळूच म्हणायची, एवढंसं दे रे, कोणाला सांगत नाही मी. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून त्यानं दिलं नव्हतं. ती गेली. आणि तेव्हापासून त्याला बाकी काही नाही, तेवढंच आठवायचं.

त्यानं पुडी काढली. "थोडंच हं आजोबा. घरचे मला ओरडतील."

म्हाताऱ्यानं तळहात पुढे केला.

"हातावर दिलं?" नूतननं मधेच विचारलं.

"हातावर."

"अहो, मीठ हातावर नाही देत. आई मला वाटीत ठेवायला लावते."

"तुला ठाऊक हाय गो. त्याला कोण सांगणार होतं?"

साहिलनं पायरीवरून पाय वर घेतले होते. तात्या पुढे सांगू लागले.

म्हाताऱ्यानं मीठ भातावर घातलं. कालवलं. डोळे मिटून घास घेतला. "आता कसं," तो म्हणाला, आणि भराभर जेवू लागला. स्वराजला बरं वाटलं. दोघं बोलले. म्हाताऱ्यानं विचारलं, तू कोणाचा, घरी कोण. स्वराजनं सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदाच तो दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलला असेल. केव्हा उठलो, किती चाललो, वाटेत काय पाहिलं, सगळं सांगितलं. म्हातारा हं हं करत ऐकत होता.

मग वारा आला. झाडाची पानं सळसळली. स्वराजनं जॅकेटची चेन वर ओढली.

पणतीची ज्योत हलली नाही.

त्यानं परत बघितलं. वारा होता. कपाळावरचा घाम गार पडला होता. ज्योत सरळ.

त्याची नजर पानावर गेली. त्याच्या बाजूचा भात संपत आला होता. म्हाताऱ्याच्या बाजूचा... तेवढाच होता. इतका वेळ तो जेवत होता. घासामागून घास. भात तेवढाच.

"आजोबा..."

"तुझं मीठ खाल्लं मी," म्हातारा म्हणाला.

"हो. मग?"

"आता सोडून जायचं नाय."

"कोणी?"

म्हातारा नुसता बघत राहिला. मायेनं बघावं तसा.

खालच्या पायवाटेवर टॉर्च चमकला. कोणीतरी वर येत होतं. स्वराजनं तिकडे बघितलं. एवढंच. परत मान वळवली तर कातळावर पणती होती, पान होतं.

बाकी कोणी नव्हतं.

पायवाटेनं एक बाई आणि तिचा मुलगा आले. बाईचं नाव ठमाबाई, मुलगा चांगू. तो मुंबईला नोकरी करायचा, बापाच्या कार्यासाठी आला होता. टॉर्चचा उजेड आधी पानावर पडला.

"चांगू!" ठमाबाई ओरडली. "पान खाल्लंय रे! आले... आले ते..."

मग उजेड स्वराजवर पडला. त्याचा उजवा हात भातानं भरलेला होता.

"काय रे ए," चांगू पुढे आला. "लाज नाय वाटत? मेलेल्या माणसाचं पान हाय ते."

"मला... मला आजोबांनी बसवलं. जेव म्हणाले."

"कुठले आजोबा?"

"इथं होते. आत्ता. तपकिरी स्वेटर होता. कानाला मफलर. पायात काही नव्हतं."

चांगूनं टॉर्च आईकडे वळवला. "आये," तो म्हणाला. "तो स्वेटर आपण त्यांच्या अंगावरच..."

ठमाबाई मात्र घाबरली नाही. ती स्वराजच्या समोर वाकून बसली.

"जेवले? तुझ्यासंगं बसून जेवले?"

"हो."

"नऊ दिवस झाले रे. रोज पान ठेवते. कावळा नाय, कुत्रा नाय, मुंगी नाय लागत. उद्या दहावा. उद्या तरी पिंडाला कावळा शिवला पायजे, नायतर माणूस अडकतो. काय मनात ठेवून गेलेत तेच कळंना." तिनं डोळे पुसले. "पाहुणा पायजे होता त्यांना! माझ्या ध्यानातच आलं नाय. काय बोलले?"

"अळणी आहे म्हणाले."

"बघ, मेल्यावर पण कुरकुर गेली नाय," ती रडता रडता हसली. "मग?"

"मग..." स्वराजनं हात खाली घेतला. "मी मीठ दिलं."

ठमाबाईचं हसणं थांबलं.

"कोणाचं?"

"माझ्याजवळचं. मला वाटलं, बीपी असेल म्हणून अळणी देतात."

"खाल्लं त्यांनी?"

"हो."

तिनं पान झटकन त्याच्यापुढून ओढून घेतलं.

त्या वाडीत मेलेल्या माणसाला दहा दिवस मीठ घालत नाहीत. मुद्दाम नाही घालत. मीठ खाल्लं की माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. ज्याचं खाल्लं त्याला सोडून जात नाही. म्हणून बायको असो, पोटचा पोर असो, सगळ्यांनी हात आखडता घ्यायचा, म्हणजे जाणारा कोणाचा देणेकरी न राहता जातो. घरच्यांनी नऊ दिवस मन घट्ट करून ते पाळलं होतं.

"कायतरी बोलू नको आये," चांगू म्हणाला. "याला काय म्हाईत? त्याला वाटलं बीपी हाय."

"त्याचा दोष नाय," ठमाबाई म्हणाली. "पण आता सोडवायचं पण त्यानंच."

त्याला त्यांनी घरी नेलं. सुतकाचं घर, म्हणून पडवीत घोंगडी घातली. ठमाबाईनं सांगितलं, "उद्या नदीवर ये. पिंड ठेवला की मोठ्यानं म्हण, भिकूआजोबा, माझं मीठ फिटलं, तुम्ही जा. एवढंच. पण मनातनं म्हणायचं. आमचे हे भोळे. तोंडदेखलं बोललास तर जायचे नायत."

"म्हणेन," स्वराज म्हणाला. खरंच म्हणणार होता तो.

रात्री त्याला जाग आली. दोन वाजून दहा मिनिटं. मोबाईलचा उजेड विझला आणि पडवीत काळोख झाला. गोठ्यातल्या गाईनं दावं ओढलं. एकदा. मग तीही गप्प.

त्याच्या पायांशी कोणीतरी बसलं होतं.

दिसत नव्हतं. पण घोंगडीचं टोक दाबलं गेलं होतं. कोणी बसलं की दाबतं तसं.

काळोख.

"पाय दुखतात?" आवाज आला.

स्वराजनं पाय पोटाशी घेतले.

"लई चाललास आज. झोप. मी बसलोय."

त्याला ओरडायचं होतं. चांगूला हाक मारायची होती. भिंतीच्या पलीकडेच तो झोपला होता. पण हाक आली नाही. मी बसलोय... त्याला असं कोणीतरी म्हणून किती दिवस झाले होते? तापात आईनं म्हटलं होतं. नंतर कोणी नाही. भीतीनं अंग गार पडलं होतं आणि तशातच त्याचे डोळे मिटले. तो सकाळपर्यंत झोपला. दोन वर्षांत झोपला नव्हता इतका गाढ.

गुरुवारी सकाळी वाडीतली माणसं सावित्रीवर गेली. भटजींनी विधी केले, खडकावर पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. पलीकडच्या आंब्यावर कावळे होते, सात-आठ तरी. एकही उतरेना. चांगूनं हात जोडले. "आबा, आयेला एकटी ठेवत नाय. जमीन पडीक टाकत नाय. शब्द देतो." कावळे बसून राहिले. भावकीतला एकजण म्हणाला, दोन्ही बैल विकत नाय म्हणावं. तेही म्हणून झालं.

ऊन वर आलं. मग सगळ्यांनी स्वराजकडे बघितलं.

तो पुढे झाला. "भिकूआजोबा," तो म्हणाला, "माझं मीठ फिटलं. तुम्ही जा."

एक कावळा उतरला. खडकावर बसला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला. कावळ्यानं मान तिरकी केली. पिंडाकडे नाही. स्वराजच्या डाव्या बाजूला जरा मोकळी जागा होती, तिकडे.

आणि उडून गेला.

"मनातनं म्हण रे बाळा," ठमाबाई म्हणाली. तिनं हात जोडले होते, एका पोरापुढे. "माझा माणूस मोकळा होऊ दे."

स्वराजनं तोंड उघडलं. समोर ती उभी होती. एवढंच तर म्हणायचं होतं. तुम्ही जा. दोन शब्द. रिकामी खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली. डबा. मोबाईल.

"भिकूआजोबा..."

"माझं..."

पुढचं आलं नाही. नदीचा आवाज तेवढा येत होता. तो खाली बघत उभा राहिला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून कोणी उभं असावं तसा डावीकडे किंचित कलला. ते ठमाबाईनं बघितलं. एकटीनंच बघितलं. तिचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

दीड वाजला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. असं करतात, चालतं. लोक घरी गेले.

त्या दिवशी स्वराजला ताप भरला. ठमाबाईनं त्याला जाऊ दिलं नाही. चांगू चिडला होता, पण तिनं त्याला गप्प केलं. शुक्रवारी पहाटे ताप उतरला. तो निघाला तेव्हा अंधारच होता. ती पडवीपर्यंत आली. तिनं फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या त्याच्या हातात ठेवल्या.

"मावशी, मी... मला जमलं नाही. मला माफ करा."

तिनं फडक्याची गाठ परत आवळली.

"चाळीस वर्षं मी त्यांच्यासमोर पान वाढलं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, सुटतील. आता तू जेवायला बसशील तेव्हा वेळेवर बस. त्यांना उशीर चालत नाय."

आणि ती आत गेली. फडकं जड लागलं म्हणून त्यानं जरा सोडून बघितलं. आत दोन माणसांचं जेवण होतं.

तात्या थांबले. पणतीत तेल कमी झालं होतं. नूतन उठून घालणार होती, पण उठली नाही.

"मग?" साहिलनं विचारलं.

"मग तो घाट उतरून इथं आला. शुक्रवारी, पावणेसातला. पुढं महाबळेश्वरला गेलाच नाय. मी फळ्या काढत होतो. धुकं असं की समोरचं घर दिसत नव्हतं. मागच्या चाकात हवा भरायची होती त्याला. बाहेरच्या बाकड्यावर बसला आणि मला हे सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसंच. चेहरा बरा होता पोराचा. खरं सांगू? आला तेव्हापेक्षा बरा होता. चहा प्यायला, निघाला. महाडच्या बाजूला गेला. मी त्याला हात केला, त्यानं पण केला."

"एवढंच?"

"रात्रभर दव पडलं होतं," तात्या म्हणाले. "बाकडं लोखंडी. सगळं पांढरं झालेलं, थेंब थेंब. मी फडकं घेऊन पुसायला गेलो. तो बसला होता त्या टोकाला दव पुसलं गेलं होतं. कोरडी जागा. माणूस बसतो तेवढी."

तात्यांनी पणतीची वात पुढे सारली.

"तिच्या शेजारी अजून एक होती."

साहिल म्हणाला, "सरकून बसला असेल तो."

तात्यांनी मान हलवली.

"मधे वीतभर दव तसंच होतं रे. एक थेंब मोडलेला नव्हता."